दोन दातांचा आळ

माझे खालचे पुढचे दोन दात ज्या रविवारी पडले, त्या रविवारी लालबागच्या मैदानावर चाळीस माणसं आडवी झाली. चाळीस म्हणजे नऊ. त्यातले दोघे पळताना मंडपाच्या दोरीत अडकले, आणि एक तर आमचाच होता, त्याला आमच्याच माणसाने धुळीत न ओळखता खुर्ची घातली. पण रक्त खरं होतं, आणि त्यातलं पहिलं माझं होतं.

मी तेव्हा तेहेतिशीत होतो आणि चाळीच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचो. दिवसा परळच्या टॉवरमधल्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, संध्याकाळी मैदानात डावा कोपरा सांभाळायचा. कोपऱ्यावरच्याचं काम एकच. समोरचा चढाईला आला की त्याच्या घोट्यावर झडप घालायची, आणि तो मध्यरेषेकडे सरपटायला लागला की त्याला सिमेंटच्या गोणीसारखं मागे ओढायचं. माझी पकड एकदा बसली की ती सोडवायला कटर लागायचा असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मी आणि आमचा कप्तान.

पण माझी खरी दहशत पकडीची नव्हती, थुंकीची होती. सामना सुरू व्हायच्या आधी मी रेषेबाहेर उभा राहायचो, गाल आत ओढून हिरड्या जोरात चोखायचो, आणि समोरच्या संघाच्या डोळ्यांदेखत लालभडक थुंकी टाकायचो. अंगाला अजून कोणी हात लावलेला नाही आणि हा माणूस रक्त थुंकतोय. माझगावच्या एका पोराने आमच्या कप्तानाला विचारलं होतं, "हा काय खातो रे?"

"माणसं," कप्तान म्हणाला. "आज उपवास सोडायचाय त्याला."

त्या पोराने त्या दिवशी एकही चढाई माझ्या बाजूने केली नाही.

आता हे रक्त यायचं कुठून? तीन-चार वर्षांपूर्वी दात घासताना बेसिन गुलाबी दिसलं. मी विचार केला, ब्रशमुळे हिरडी कापली जातेय, तर त्या जागेला ब्रश लावायचाच नाही. मोठ्या शहाणपणाने मी खालच्या पुढच्या दातांना रजा दिली. बाकीचे घासायचे, हे चार सोडून द्यायचे. गंमत अशी की ब्रश थांबला आणि रक्त वाढलं. पुढे पुढे तर पेरू चावला तरी पेरूवर शिक्का उठायचा. मला ते वाईट वाटलं नाही. घरबसल्या कीर्ती मिळत होती.

आई मात्र नाकाला पदर लावायची. "तुज्या तोंडाक वास येता रे. आत काय मरान पडला हा काय?"

"डॉक्टरकडे जाऊ?"

"दात साफ करूक जाव नको. खालच्या माळ्यावरच्या काकान करून घेतल्यान, म्हयन्याभरात सगळे हलूक लागले."

ही नुसती आईची समजूत नव्हती, आमच्या अख्ख्या चाळीची श्रद्धा होती. दातांच्या मुळाशी जे पिवळं, दगडासारखं कीटण बसतं ते म्हणजे सिमेंट. डॉक्टर ते खरवडतो, मग दात सुटे होतात, मग तो तेच दात काढायचे पैसे घेतो. माझ्या खालच्या दातांच्या मागे तर जिभेला चांगला बांध लागायचा, कठडाच म्हणा ना. वयाबरोबर माझे दात जाड होताहेत असं मी समजत होतो.

तर तो रविवार. उपांत्य सामना, समोर घोडपदेव. त्यांचा मुख्य चढाईपटू तेवीस वर्षांचा, अंगाने काडी, पण असा निसटायचा की पकडणाऱ्याच्या हातात नुसता घाम राहायचा. त्याची एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून निवड झाली होती. हे सगळ्या गिरणगावाला माहीत होतं, कारण त्याच्या आईने देवळापासून विहारापर्यंत, ज्या ज्या ओळखीच्या बाईचं जिथे म्हणून दार होतं, तिथे जाऊन सांगितलं होतं. फक्त आमच्या कबड्डी संघटनेचं पत्र जोडायचं बाकी होतं, की या खेळाडूवर शिस्तभंगाचा कुठलाही आरोप नाही.

दुपारचं ऊन डोक्यावर होतं, बरोबरी चालू होती. तो माझ्या बाजूला आला. मी घोट्यावर गेलो, पकड बसली. मधल्या तिघांनी त्याच्या पाठीवर उड्या टाकल्या. तो खाली, मी त्याच्या खाली, माझ्या खाली मुंबई. तो रेषेसाठी तडफडत होता, मी त्याचा पाय उपटून घरी न्यायच्या तयारीत होतो, आणि त्या घुसळणीत त्याचा गुडघा माझ्या हनुवटीला लागला. लागला म्हणजे टेकला. त्याहून जोरात आमच्या शेजारीण मावशी दार आपटतात.

तोंडात काहीतरी हललं. मी थुंकलो, आणि मातीत दोन दात पडले.

"लाथ घातली रे तोंडावर," आमच्यातला एकजण ओरडला, आणि पुढचं पंचांच्या शिट्टीच्या हातात राहिलं नाही. आमच्या राखीव खेळाडूंनी बाक उचलला, घोडपदेवने पाण्याचा ड्रम ओतून रिकामा केला आणि मग तो फेकला. रेषा आखायच्या फक्कीचा डबा कोणीतरी कोणाच्या तरी डोक्यात घातला, तो पांढरा झालेला माणूस भुतासारखा उठला आणि समोर दिसेल त्याला कानाखाली देत सुटला. एकाचं मनगट मोडलं. एकाच्या भुवईचे दोन भाग झाले. तो काडीसारखा पोरगा मध्ये उभा राहून "मी नाही मारलं, मी नाही मारलं" म्हणत होता, आणि आमचे दोघे त्याला धरून पोटात गुद्दे घालत होते. मीही उठून एक घातला. हे सांगायचं नव्हतं, पण घातला.

निदान वीस जणांनी मोबाइलवर शूटिंग केलं. सगळ्यांत मारामारी आली, गुडघ्याच्या क्षणी मात्र आमच्या कप्तानाची रुंद पाठ मध्ये होती.

दात कप्तानालाच सापडले. मातीतून उचलून त्याने ते सगळ्यांना दाखवले. दोन्ही दात एकमेकांना चिकटून, मधे पिवळ्या दगडाचा पूल. "बघा," तो म्हणाला, "दोन एकत्र उखडलेत. केवढी लाथ असेल." त्या पुलाकडे पन्नास लोकांनी बघितलं, आणि पन्नासांनीही त्यात लाथेचा जोर बघितला. मग कोणीतरी म्हणालं दुधात ठेवले तर परत बसवतात, म्हणून टपरीवाल्याकडून कटिंगच्या ग्लासात दूध आणून माझे दात त्यात सोडले. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ वरळी कोळीवाड्यापर्यंत पोचला होता आणि माझे पडलेले दात चार झाले होते.

मंडळाने ठरवलं, संघटनेकडे तक्रार करायची. पोराला तीन वर्षं बंदी. सुनावणी पुढच्या रविवारी दादरला. त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं. सोमवारी माझी ड्युटी होती, म्हणून मंगळवारी संध्याकाळी कप्तानाने मला परळच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तो बाहेर बसला. मी ग्लास घेऊन आत गेलो. फ्रिजमध्ये ठेवूनही दुधाचं दही व्हायला आलं होतं.

बाईंनी चिमट्याने दात बाहेर काढले, धुतले, दिव्याखाली फिरवले. मग माझा ओठ खाली ओढून बघितला.

"कोणी मारलं म्हणालात?"

"लाथ बसली. जबरदस्त."

"ओठ फाटलेला नाही. आतून खरचटलेलंसुद्धा नाही. जबरदस्त लाथ ओठाला वळसा घालून आत गेली का?"

मी ओठावर आतून जीभ फिरवली.

"दाताचं टोकसुद्धा उडालेलं नाही. आणि हे बघा." तिने मुळावर नख ठेवलं. कीटण नुसतं वर नव्हतं, मुळाच्या टोकाजवळपर्यंत पोचलं होतं, काळंहिरवं, समुद्रातल्या खडकावर शिंपल्या धरतात तसं. "हा भाग हिरडीच्या आत, हाडात असायला हवा. इथे कीटण बसलंय, म्हणजे इथलं हाड कधीच गेलंय. हे दात कोणी पाडलेले नाहीत. गुडघा लागला नसता तर पावाचा तुकडा तोडताना पडले असते."

"पण कीटणाने तर धरून ठेवलं होतं ना?"

"हो," ती म्हणाली. "मेलेल्या दोघांना एकमेकांचा आधार होता."

मग तिने मला खुर्चीत पाडून आरसा हातात दिला आणि माझ्या तोंडातली दंगल पहिल्यापासून सांगितली. दात घासून झाले की थोड्याच वेळात लाळेतला एक पातळ पापुद्रा दातावर बसतो. तो निरुपद्रवी. पण त्याला धरून पहिले जंतू येतात आणि पाय रोवतात.

"म्हणजे आमच्या चाळीच्या गॅलरीसारखं," मी म्हणालो. "पहिला येतो तो फक्त एक स्टूल ठेवतो."

"अगदी तसंच समजा. मग त्या स्टुलाच्या आधाराने दुसरे येतात, जे एकटे कधीच टिकले नसते. सगळे मिळून एक गोंद तयार करतात आणि त्यात स्वतःला गाडून घेतात. त्या गोंदात पाण्याच्या नळ्यांसारख्या वाटा असतात, अन्न आत, घाण बाहेर. याला आम्ही बायोफिल्म म्हणतो. लोक प्लाक म्हणतात. चुळा भरून तो जात नाही. औषधाची चूळ भरली तरी वरचे मरतात, त्यांच्याखाली दुसरे सुखरूप असतात. आणि संख्या पुरेशी झाली की ते एकमेकांना खबर देतात आणि वागणं बदलतात."

"वागणं बदलतात म्हणजे?"

"तोवर भाडेकरू असतात. मग दादा होतात."

हे मात्र मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकेक स्टूल सरकत सरकत अख्खा जिना बळकावलेला मी पाहिलाय, आणि हटवायला गेलेल्याचं डोकं फुटलेलंही पाहिलंय.

मऊ आहे तोवर हा थर साध्या ब्रशने निघतो, ती म्हणाली. राहू दिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि काही दिवसांत त्याचा दगड होतो. दगड खरबरीत, म्हणून त्याच्यावर आणखी वस्ती. ती हिरडीच्या खाली उतरते, तिथे हवा नाही, आणि सगळ्यात क्रूर जंतू बिनहवेचेच. मग हिरडी सुजते, रक्त येतं.

"रक्त ब्रशमुळे येत नव्हतं. आत आग लागली होती म्हणून येत होतं. आणि तुम्ही बंब परत पाठवलात."

"मग हाड खाल्लं ते जंतूंनी?"

"तेच तर. शरीर त्यांच्याशी लढायला फौज पाठवतं, वर्षानुवर्षं पाठवत राहतं, आणि त्या लढाईत आपलंच हाड विरघळत जातं."

म्हणजे दंगल शमवायला आलेल्यांनी माझीच चाळ पाडली. गुंड त्या गोंदात सुखात बसून राहिले.

शेवटी तिने चिमट्याच्या टोकाने शेजारचा तिसरा दात हलवला. तो गवताच्या पात्यासारखा डुलला. "हाही जाईल. बाकीचे वाचवता येतील, पण आजपासून सुरुवात केली तर. सर्टिफिकेट हवं असेल तर मी हेच लिहून देईन."

मी बाहेर आलो. कप्तान उठला. "दिलं?"

"मॅडम कोर्टाच्या भानगडीत पडत नाहीत," मी म्हणालो.

खोटं बोलायला मला पाव सेकंद लागला. तुम्हाला वाटेल मंडळासाठी. छे. त्या दोन दिवसांत मला अर्ध्या लालबागने पेढे, मोसंब्या आणि कपाळाला हात लावून नमस्कार दिला होता. शाखेजवळच्या नाक्यावर माझा फोटो लावायचं चाललं होतं. आणि आता मी सांगणार काय, की मी रक्त थुंकायचो ते शौर्याचं नव्हतं, पायरियाचं होतं? मला खाणारा घोडपदेवचा नव्हता, माझ्याच तोंडात भाड्याने राहणारा होता? कप्तानाने दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या एका माणसाकडून सर्टिफिकेट आणलं. त्या माणसाने माझं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

गुरुवारी तो पोरगा आमच्या घरी आला. एकटा. लालबागच्या आमच्या जिन्यावर त्या आठवड्यात एकट्याने चढणं म्हणजे वाघाच्या पिंजऱ्यात चप्पल शोधायला जाण्यासारखं होतं, आणि खालीच त्याला दोन टपल्या बसल्या होत्या, कान लाल होता. हातात शहाळं होतं.

"दादा, तुला चावता येत नसेल म्हणून," तो म्हणाला.

आईने त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि तोंड फिरवून बसली.

"दादा, मी चार दिवस तेच आठवतोय. माझा पाय कसा आला, कुठून आला. मला खरंच आठवत नाही. मी मुद्दाम नाही केलं. पण केलं असेन तर माफ कर."

"राहू दे," मी म्हणालो.

"आई झोपत नाही. म्हणते, तू माणसाचे दात पाडणारा कधी झालास? मी तिला काय सांगू?"

सांग की दात आधीच मेलेले होते. हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं, तिथे जागाही मोकळी होती, दोन दातांएवढी. मी शहाळ्यावर बोट फिरवलं आणि म्हणालो, "रविवारी बघू."

तो गेल्यावर आई म्हणाली, "पोर गरीब दिसता." मी तिला म्हणालो, मैदानात बघ त्याला. आणि रात्रीचं जेवण जेवलो नाही. दुखत होतं म्हणून, असं तिला सांगितलं.

रविवारी सकाळी दादरला संघटनेच्या कार्यालयात तीन जुने खेळाडू टेबलामागे बसले होते. अध्यक्षांचे कान कबड्डीने असे चुरगळलेले की चष्मा दोरीने बांधावा लागे. टेबलावर दोन कागद. एक आमची तक्रार. दुसरं पोराच्या नोकरीसाठी लागणारं संघटनेचं पत्र, सहीची जागा मोकळी. एका बाजूला कप्तान आणि मंडळाचे सहा, दुसऱ्या बाजूला तो आणि त्याचा संघ. दोन्हीकडचे हात खिशाबाहेर होते.

कप्तानाने सर्टिफिकेट वाचलं. व्हिडिओ दाखवला. अध्यक्षांनी पोराला विचारलं, "काही म्हणायचंय?"

तो उभा राहिला. "माझा पाय लागला असेल, साहेब."

बस, एवढंच. त्याने स्वतःला वाचवायला एक शब्दही वापरला नाही. अध्यक्षांनी पेन उघडलं आणि आमच्या तक्रारीचा कागद पुढे ओढला. मागून घोडपदेवचा एकजण कप्तानाला म्हणाला, "खाली उतर, मग तुझे मोजतो." कप्तान म्हणाला, "ये ना." खुर्च्या सरकल्या.

मी टेबलाशी गेलो. माझ्याकडे सांगायला धड शब्द नव्हते. मी म्हणालो, "साहेब, एक मिनिट," आणि अंगठा आणि बोट तोंडात घालून तो तिसरा दात धरला. बाई म्हणाल्या तसा तो डुलत होता, पण सुखासुखी आला नाही. मी तो पिळला. जबड्यात वीज गेली, डोळ्यांपुढे दादर पांढरं झालं, आणि कच्च्या वांग्याचं देठ तुटावं तसा आवाज माझ्या डोक्यात आला. दात हातात आला. मी तो आमच्या तक्रारीवर ठेवला. त्याच्याभोवती रक्त पसरायला लागलं, मंडळाच्या शिक्क्यापर्यंत.

"हा कोणी मारला?" मी विचारलं.

अध्यक्षांनी चष्म्याची दोरी ताणून दात जवळून पाहिला. मुळावरचं काळं कीटण त्यांना दिसलं.

"सगळे असेच आहेत," मी रक्त गिळत म्हणालो. "हिरड्या सडल्यात माझ्या. डॉक्टरने मंगळवारीच सांगितलं. ते सर्टिफिकेट खोटं आहे. मी रक्त थुंकायचो ना, ते हेच."

कप्तानाने मागून माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर आपटलं. "आम्ही तुझ्यासाठी डोकी फोडली," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या कपाळावर पाच टाके होते. त्याने आणखी एकदा आपटलं, मग सोडलं आणि निघून गेला. पुन्हा त्याने मला कधी कोपऱ्यावर उभं केलं नाही.

मी तोंडाला रुमाल लावून जिन्याने खाली आलो. पोरगा माझ्यामागे धावत आला. मला वाटलं मिठी मारणार, म्हणून मी हात थोडे पसरलेसुद्धा.

"मंगळवारी कळलं तुला?"

मी मान डोलावली.

"मी गुरुवारी आलो होतो."

मी पुन्हा मान डोलावली.

त्याने मारलं. उजव्या हाताची मूठ, खांद्यापासून, पूर्ण वजन घालून, माझ्या डाव्या गालावर. मी आयुष्यात हत्तीची लाथ खाल्लेली नाही, पण आता खायची गरज उरलेली नाही. फुटपाथवरच्या फुलवाल्या बाईच्या टोपलीत मी अर्धा गेलो. तिने मला शेवंतीसकट बाहेर ढकललं.

तो तिथेच उभा होता, धापा टाकत, मूठ तशीच. मग त्याचा चेहरा एकदम उतरला. खाली वाकून त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"पडला का?"

मी जिभेने सगळीकडे चाचपून पाहिलं. ओठ आतून फाटला होता.

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि सहीचं पत्र घ्यायला परत वर गेला.